सतरा नंबरची खुंटी

५ जुलै, शनिवार

अन्याय लहान असेल तर तो हसून सोडून द्यावा, असं म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीत सकाळी चुकीचा पाव आलेला नसतो. माझ्या पिशवीत आज लागोपाठ तिसऱ्यांदा आला. म्हणून ही नोंद, भावी पिढ्यांच्या माहितीसाठी.

छावणीच्या फाटकाशी गुद्रुनची टपरी आहे. टपरीच्या भिंतीला लाकडी खुंट्या, तंबू-कॅरव्हॅनच्या जागेगणिक एक. संध्याकाळी आपली कापडी पिशवी आपल्या खुंटीला अडकवायची, खालच्या पाटीवर खडूनं काय हवं ते लिहायचं, आणि सकाळी डेमरो गावातून पावाची गाडी आली की गुद्रुन पिशव्या भरते. आमची खुंटी सतरा नंबरची. गेली कित्येक वर्षं मी तिच्याखाली एकच मजकूर लिहितो आहे : खसखशीचे, दोन. सूत्रकारांनाही याहून आटोपशीर लिहिता आलं नसतं. आणि पिशवीतून निघतात ते दोन पांढरे, टकले, निर्विकार पाव.

गुद्रुनकडे दाद मागितली. तळ्याकाठची ही सुट्टीची छावणी तीच चालवते. सत्तरीला आली आहे, अंगावर चष्म्याची साखळी आणि गळ्यातली शिट्टी यांखेरीज काही नसतं, आणि तरीही तिच्यासमोर उभं राहिलं की आपण कुठलातरी फॉर्म चुकीचा भरलाय असं वाटतं.

"पाटी पुसली गेली असेल," ती म्हणाली.

"तीनदा?"

"दव पडतं रे."

"बाकीच्यांच्या पाट्यांवर पडत नाही?"

"यान, तुझ्या मागे रांग आहे."

रांग नव्हती. एक बदक होतं. (जनार्दनचा यान सासरच्यांनी केला. बदकानं अजून काही केलेलं नाही.)

आता डायरीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो की खसखस मला सध्या मना आहे. एप्रिलमध्ये इस्पितळात माझ्या आतड्याचा एक तुकडा काढला. त्यात जे वाढत होतं त्याचं नाव आमच्या घरात घ्यायचं नाही असा नियम आहे. नियम मीच केला. उरलेलं आतडं सांधलं, आणि सांधा भरून येईपर्यंत त्याला विसावा म्हणून पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, एक वाट काढून दिली. वाटेच्या तोंडाशी एक पिशवी चिकटवलेली असते. सप्टेंबरात तपासणी, सगळं ठीक निघालं तर वाट बंद करतील. तोवर बिया, दाणे, खसखस वर्ज्य, कारण ती वाटेत अडकतात. पिशवीचं नाव मी कमंडलू ठेवलं आहे. संस्कृत शिकल्याचे फायदे फार उशिरा कळतात.

मग तक्रार कशाची? तक्रार तत्त्वाची. खसखशीचे पाव मागणारा माणूस ठणठणीत असतो, आणि छावणीला मी ठणठणीत दिसलो पाहिजे. पाव मी बदकाला घातले असते.


६ जुलै, रविवार

कमंडलू आहे आणि दिगंबर नाही, अशी माझी यंदाची अवस्था. सगळी छावणी देवानं घडवली तशी हिंडते आहे आणि मी निळ्या टॉवेलच्या कापडाच्या झग्यात, गाठ पक्की मारून. ऊन असताना इथे असा झगा घालणं म्हणजे गाभाऱ्यात चपला घालून शिरण्यासारखं. कोणी बोलत नाही. पण चपलांकडे लक्ष सगळ्यांचं असतं.

शेजारच्या जागेतला एकहार्ट मात्र बोलला. तो अग्निशमन दलातून निवृत्त झाला, आणि दर उन्हाळ्यात स्वतःच पेटल्यासारखा लाल होतो.

"झगा कशाला रे?"

"उन्हाचा त्रास होतो. कातडीला."

"तुझ्या? तुझ्या कातडीला?" बायबलवर घेतलेली शपथ मी मोडल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं आम्ही इथे भाजून निघत होतो आणि तू सावळा गोंडस बसून हसत होतास. आता तुला ऊन लागतं?"

"वय झालं."

"माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेस तू. चल, थाप मारायची तर नीट मार."

एकवीस वर्षांपूर्वी आन्केनं मला पहिल्यांदा इथे आणलं. मी तेव्हा विद्यापीठात जर्मन मुलांना संस्कृतची रूपं घोकायला लावत होतो. लग्नाआधी आईवडिलांना भेटवते म्हणाली, आणि भेटवलं, इथेच तळ्याकाठी, दोघंही जन्मजात पोशाखात. भावी सासऱ्यांशी हस्तांदोलन करताना नजर कुठे ठेवावी हे मला एकाही शास्त्रात सापडेना. तासाभरानं कळलं की इथे सगळे सगळ्यांकडे बघतात आणि काहीही होत नाही. लहानपणी नदीवर दोन टॉवेल गुंडाळून कपडे बदलणारा, बनियनसुद्धा दाराला कडी लावून काढणारा मी. माझ्या अंगाची लाज मला सोडून गेली ती जगात या एकाच जागी. ती इथे मला पुन्हा सापडू नये, एवढीच यंदा इच्छा आहे. घरी, दवाखान्यात, कुठेही सापडू दे. इथे नको.

पुण्याच्या रविवार पुरवणीत मी उत्तरेकडचं वार्तापत्र लिहितो. उन्हाळ्यात मी 'एका निवांत तळ्याकाठी' असतो, एवढंच वाचकांना ठाऊक. संपादकांचा दर वर्षीचा निरोप आला आहे : या वेळच्या पत्रासोबत मुक्कामातलं आपलं एक ताजं छायाचित्र जोडावं. इतक्या वर्षांत प्रथमच मी ती विनंती पुरी करण्याच्या स्थितीत आहे.


७ जुलै, सोमवार

दुपारी एक ते तीन इथे शांतता असते. गुद्रुन एकदा शिट्टी वाजवते आणि मग तीन वाजेपर्यंत छावणीत शब्द उच्चारायचा नाही, हातोडी नाही, रेडिओ नाही, चेंडू तर नाहीच. या नियमावर मी आजवर बरेच विनोद केले आहेत. यज्ञात मौन धरणारे ऋत्विजसुद्धा मधूनमधून खोकत असत.

आज त्याच शांततेत कमंडलू बोलला. त्याला स्वतःचा आवाज आहे, आणि माझं त्याच्यावर काही चालत नाही. एक लांब, ओला, विचारपूर्वक काढलेला सूर. मी पुस्तक छातीवर ठेवून मेल्यासारखा पडून राहिलो. कुंपणापलीकडे एकहार्टची खुर्ची करकरली.

कमंडलूनं दुसरं कडवं घेतलं.

एकहार्ट उठला. कुंपणाच्या फटीतून मला दिसलं, की तो गुडघ्यांवर येऊन झुडपाच्या पानांखाली डोकं घालून काहीतरी शोधतो आहे. ज्या बाजूनं तो मला दिसत होता ती बाजू वर्णन करण्याची गरज नाही. तीनच्या शिट्टीनंतर त्यानं कुंपणावरून हाक मारली.

"तुझ्याकडे बेडूक आहे."

"असं?"

"मोठा आहे. आवाजावरून सांगतो. हिरवा नसणार, तो तपकिरी मोठा. तू ऐकलास ना?"

"ऐकला," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"घालवू नकोस हं त्याला. बेडूक असला की डास कमी होतात."

आन्केला सांगितलं तेव्हा ती हसता हसता कॅरव्हॅनच्या पायरीवर बसली. खूप दिवसांनी तिला तशी हसताना पाहिली. नंतर ती डोळे पुसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हसण्यानं पाणी येतंच डोळ्यांत.


८ जुलै, मंगळवार

पाऊस. देवाचे आभार. सगळे रेनकोटात, खाली काही नाही. मी एक दिवस बहुमतात आलो.


१० जुलै, गुरुवार

आन्के रोज सकाळी पोहते. मी काठावरच्या बाकावर झग्यात बसून तिचा टॉवेल सांभाळतो. आज ती बाहेर आली आणि टॉवेल न घेता समोर उभी राहिली.

"मला एकटीला पोहायचा कंटाळा आलाय."

"पाणी गार असेल."

"डॉक्टरनं सांगितलंय पोहलं तरी चालतं. चिकटपट्टी सुटत नाही. आपण घरी टबात बसून बघितलंय."

"टबात व्हॉलीबॉलवाला योखेन नव्हता. गुद्रुन नव्हती."

"सांगून टाक ना त्यांना. एकदाच सांग आणि मोकळा हो."

"आणि मग? मग रोज सगळे विचारणार, कसं आहे, काय म्हणतात, कधी कळणार. मला इथे यान व्हायचंय. आजारी यान नाही."

तिनं टॉवेल घेतला, केस पुसले, आणि म्हणाली, "मला मात्र दोन्ही यान एकटीनं सांभाळावे लागतात."

मी झग्याची गाठ पुन्हा आवळली.

दुपारी मी दूध आणून परत आलो तर रोझविटा आमच्या पायरीवर आन्केशी बोलत बसली होती. रोझविटा ऐंशीला टेकली आहे, छावणीत सगळ्यात जुनी आणि जिभेनं सगळ्यात तिखट. तिचा नवरा होर्स्ट फेब्रुवारीत गेला. इथली रीत अशी, की पुढच्या उन्हाळ्याला येणार असेल त्यानं जाताना आपली पावाची पिशवी खुंटीवरच ठेवून जायची. येणार नसेल त्यानं काढून न्यायची. होर्स्टनं गेल्या वर्षी ठेवली होती. आठ नंबरच्या खुंटीवर ती अजून आहे, उन्हानं विटलेली. रोझविटा तिच्याशेजारी स्वतःची वेगळी पिशवी लावते.

मला पाहून दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"पाककृती," रोझविटा म्हणाली. "रुबार्बचा केक. तुला काही कळायचं नाही."

उठता उठता तिनं माझ्या गालावर हात ठेवला, असं ती कधी करत नाही. होर्स्ट गेल्यापासून बिचारी हळवी झाली आहे.


१२ जुलै, शनिवार

लिहायला बसलो आहे खरा, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही. पावापासून करता येणार नाही. आज पाव बरोबर होता की चूक हेच मला आता सांगता येत नाही.

आज एकहार्टच्या माशांची संध्याकाळ. वर्षातून एकदा तो आपल्या पिंपात मासे टांगून धुरावर भाजतो, आणि सगळी छावणी तळ्याकाठी लांब टेबलाशी बसते, बाकावर ज्याचा त्याचा टॉवेल टाकून. मी सातच्या सुमारास झग्यात निघालो. ऊन अजून कडक होतं. आन्के म्हणाली, "तू हो पुढे."

टेबलाशी पोचलो आणि वाटलं, चुकून दुसऱ्या गावात आलो.

सगळे कपड्यांत होते.

सुट्टीला इथे येताना कपडे कोण आणतं? ज्याच्या गाडीच्या डिकीत जे सापडलं ते त्यानं चढवलं होतं. एकहार्ट अग्निशमन दलाच्या जाड कोटात, गळ्यापर्यंत बटणं लावून, पिंपाच्या शेजारी उभा. त्याच्या कपाळावरून घाम माशांवर ठिबकत होता. गुद्रुन ग्रामसभेला घालते त्या जाकिटात, शिट्टी जाकिटाबाहेर. रोझविटा काळ्या रेशमी ब्लाउजमध्ये. तो ब्लाउज मी एकदाच पाहिला होता, फेब्रुवारीत.

माझ्या शेजारी चौकटीच्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. मी अदबीनं विचारलं, "आपण यंदा नवीन आलात?"

"मी योखेन," गृहस्थ म्हणाले.

पंधरा वर्षं मी योखेनशी व्हॉलीबॉल खेळतो. त्याच्या पाठीवरचा तीळ न् तीळ मला पाठ आहे. शर्टात तो मला कधी भेटलाच नव्हता.

मग जेवताना जी बोलणी सुरू झाली ती दंतवैद्याकडच्या बाहेरच्या खोलीत होतात तशी. हवा चांगली आहे. हो, चांगली आहे. उद्याही राहील म्हणतात. एकहार्ट ताट घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आपल्याला मधला तुकडा वाढू का?"

"आपल्याला?" मी म्हणालो.

"चुकलं," तो म्हणाला. "कोट घातला की तोंडात येतंच ते."

छावणीत आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो, ऐंशीच्या रोझविटालासुद्धा. आज कपड्यांबरोबर 'आपण' चढला होता, आणि त्यानं जास्त उकडत होतं. कोणी माझ्या झग्याकडे बघत नव्हतं. इतक्या निश्चयानं बघत नव्हतं, की मला उमजायला लागलं.

आणि तेवढ्यात कमंडलू बोलला. संथ, खोल, संपूर्ण टेबलभर ऐकू जाईल असा.

एकहार्टचा चेहरा उजळला. "बेडूक!" तो ओरडला. "बघा, म्हटलं होतं ना मी! इथवर आला पठ्ठ्या!" आणि वाकून टेबलाखाली बघायला लागला. त्यानं तिथे काय पाहिलं कोण जाणे. माझा झगाच पाहिला असेल. सावकाश वर आला. आधीच लाल होता, आता त्या लालीला नाव उरलं नाही.

"तो... तू आहेस," तो म्हणाला.

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त बेडूक कोण, तेवढं एकट्या एकहार्टला जुळवता आलं नव्हतं.

"हे कपडे माझ्यासाठी घातलेत?" मी विचारलं.

सगळ्यांनी ताटात पाहिलं. शेवटी गुद्रुननं जाकीट नीट केलं.

"काल ठराव झाला. एकमतानं. तुला एकट्याला झग्यात अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. थंडीत किंवा विशेष प्रसंगी कपडे चालतात, नियमात आहे. मी विशेष प्रसंग नोंदवला."

"मी विशेष प्रसंग?"

"एकमतानं म्हणे!" रोझविटा फणकारली. "मी सांगत होते, हा वेडेपणा आहे. होर्स्टच्या मातीनंतर बसलो होतो तसेच बसलोय सगळे. तोच ब्लाउज, तेच चेहरे. मला श्वास येत नाहीये ह्यात."

"मग काढा की!" माझा आवाज चढला. "काढा सगळे. मी अजून आहे इथे!"

"काढते ना," रोझविटा म्हणाली, आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तू आधी."

माझा हात गाठीवर गेला. ती मीच मारली होती, चांगली पक्की. सगळे बघत होते, आणि या वेळी खरोखर बघत होते. आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती, की मला ते सहन होईना. मी मासा तसाच टाकून उठलो आणि कॅरव्हॅनवर आलो.

आन्के पायरीवर बसून होती. कपड्यांत नव्हती. ती त्या ठरावात नव्हती, हे मला आधी कळायला हवं होतं.

"रोझविटाला मी सांगितलं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मला कोणालातरी सांगायचं होतं. ती बाकीच्यांना सांगेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटलं होतं."

"आणि पाव?"

"तू खसखशीचे लिहायचास, मी मागून जाऊन गुद्रुनला सांगायचे, पांढरे दे."

"मी बदकाला घालणार होतो."

"एक बदकाला घातला असतास. दुसरा खाल्ला असतास. ओळखते मी तुला."

राग आला आहे की नाही ते ठरवतो आहे. या माणसांनी आयुष्यात अनेकांसाठी बरंच काही केलं असेल. पण भर जुलैत कोणासाठी बटणं लावली नसतील. तो घाम मला विसरता येणार नाही.


१३ जुलै, रविवार

सकाळी पिशवीत दोन पांढरे पाव. पाटीवर मी काल काहीच लिहिलं नव्हतं. खाल्ले. लोणी लावलं की बरे लागतात. गेल्या आठवडाभरात हे कबूल करायला हरकत नव्हती.

कोणी भेटायला आलं नाही. एकहार्ट कुंपणापलीकडे पिंप घासत होता, पुन्हा आपल्या नेहमीच्या लाल कातडीत, आणि मान वर करत नव्हता.

एकची शिट्टी झाली. छावणी गप्प झाली. मी खुर्चीत झग्यासकट पडलो. थोड्या वेळानं कमंडलूनं आपलं म्हणणं मांडलं. मी डोळे मिटून घेतले.

कुंपणाच्या फटीतून अगदी हळू, नियम मोडेल न मोडेल एवढ्या आवाजात, शब्द आले.

"यान."

"हं."

"तुझ्या बेडकाला सांग, पाणी आज मस्त आहे."

आणि मग या नियमाकडे मी प्रथमच नीट पाहिलं. तीन वाजेपर्यंत इथे कोणाला बोलता येत नाही. म्हणजे 'शाब्बास' म्हणता येत नाही. 'कसं वाटतंय' विचारता येत नाही. धीर देता येत नाही. ज्या नियमाची मी इतकी टिंगल केली, तो कोणा शहाण्यानं माझ्यासाठीच करून ठेवला होता.

उठलो. गाठ सोडली. झगा कुंपणावर टाकला.

सतरा नंबरापासून तळं लांब नाही, पण वाट सगळ्यांच्या दारावरून जाते. योखेन शर्टाशिवाय पुस्तक वाचत होता आणि मी त्याला लगेच ओळखलं. त्यानं पान उलटलं. रोझविटा शब्दकोडं सोडवत होती. चष्म्यावरून तिनं कमंडलूकडे पाहिलं, बाई दुसऱ्या बाईच्या नव्या पर्सकडे बघते तसं, आणि पुन्हा कोड्यात शिरली. उन्हानं पाठ भाजत होती. किती महिन्यांनी. मला ओरडून कोणालातरी सांगावंसं वाटलं, पण नियम होता.

काठाशी पोचलो आणि शिट्टी वाजली. शांततेच्या वेळात, कर्कश्श, छावणी दचकून जागी होईल अशी. खुद्द गुद्रुननं वाजवली होती. ती टपरीच्या दारात उभी होती, हात कमरेवर, अंगावर फक्त साखळी आणि शिट्टी.

"यान!"

मी जागच्या जागी उभा राहिलो. सगळ्या माना वळल्या.

"टॉवेल!"

"काय?"

"टॉवेल कुठाय तुझा? बाहेर आलास की बाकावर बसशील ना? उघड्यानं? पहिलाच नियम आहे तो!"

"विसरलो."

"एकवीस वर्षं येतोस! नवशिक्यासारखा वागू नकोस!"

"गुद्रुन," एकहार्ट लांबून ओरडला, "शांतता आहे!"

आणि मग ती हसण्याची लाट उठली, दाबलेली, खुर्च्याखुर्च्यांतून, नियमात न बसणारी. गुद्रुननं टपरीतल्या घड्याळात पाहिलं, शिट्टी पुसली, आणि आत निघून गेली. माझ्या अंगावर आक्षेप घेण्यासारखं तिला एकच आढळलं होतं, आणि ते अंगावर नव्हतं.

आन्के पाण्यात होती, फक्त डोकं वर. ती माझ्याकडे बघत नव्हती. काठाकडे पाठ करून ती नुसती थांबली होती. मी आत शिरलो. पाणी गार होतं. कमंडलू तरंगायचा प्रयत्न करत होता, त्याला हातानं दाबून धरलं आणि पुढे झालो.

"टॉवेल आणलास का?" तिनं मागे न बघता विचारलं.


१९ जुलै, शनिवार

आन्केची रजा संपली. दुपारी निघालो. हे घरून लिहितो आहे.

या आठवड्यात लिहायला काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. रोज पोहलो. व्हॉलीबॉल खेळू देत नाहीत. गुण मोजायला बसवतात, स्वतःच्या टॉवेलवर. एकहार्ट दुपारी कुंपणापलीकडून बेडकाची चौकशी करतो. "आज गप्प आहे?" "जेवण जड झालंय." आजाराबद्दल एकदाही कोणी विचारलं नाही. मी ज्या सहानुभूतीला घाबरत होतो ती यांनी झाडाला पाणी घालावं तशी, रोज थोडी, न बोलता घातली. आन्केनं मला कधी एकट्यात विचारलं नाही की आता तरी सांगून टाकलं हे बरं झालं ना. तेही मी इथे आभारात धरतो.

निघताना टपरीवर गेलो. सतरा नंबरची पिशवी खुंटीवर होती, आत सकाळच्या पावाचा चुरा. मी ती उतरवली, झटकली आणि हातात धरून उभा राहिलो. वाटलं, नेऊन धुवावी. धुवायला तर न्यायलाच हवी.

गुद्रुन खिडकीत हिशेब करत होती. वर न बघता म्हणाली, "काढतोयस की ठेवतोयस?"

"धुवायला हवी आहे."

"मी धुते."

रोझविटा आपली पिशवी अडकवायला आली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग आठ नंबरची पाहिली.

"होर्स्टचीही धुवायला देणार होते मी," ती म्हणाली. "नंतर म्हटलं, राहू दे. उंदरांना काढायची तर काढू देत." मग मला कोपरानं ढोसलं. "अडकव रे. रांग आहे."

रांग नव्हती. पण मी अडकवली, आणि गाडीत येऊन बसलो. आन्केनं आरशातून खुंटीकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

संपादकांना पत्र पाठवलं. तळ्याबद्दल लिहिलं, पावांबद्दल लिहिलं, शेजाऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल जमेल तेवढं लिहिलं. छायाचित्र म्हणून खुंट्यांच्या भिंतीचं पाठवलं. त्यात सतरा आणि आठ दोन्ही दिसतात.

वरच्या पानांवर मी पावाबद्दल लिहिलं आहे, झग्याबद्दल, लाजेबद्दल. लाजेचं आता मिटलं. सप्टेंबरात जी तपासणी आहे तिची मला भीती वाटते. तो रोग, कर्करोग, राहिला असेल असं वाटतं. पुढच्या उन्हाळ्यात खुंटीवरची ती पिशवी भरून घ्यायला मला यायचं आहे, आणि येता येईल की नाही हे मला माहीत नाही.